छेद लहान, हिशेब लांबचा

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्या रुग्णाचे पुढे काय होते, हा या अभ्यासशाखेचा मूळ प्रश्न. ऐकायला साधा. पण ‘पुढे’ म्हणजे केव्हा, हे विचारले की त्याला दोन उत्तरे मिळतात : पहिल्या पंधरवड्याचे एक, पाचव्या वर्षाचे दुसरे. नव्या अभ्यासकाने ती एकमेकांत मिसळू देऊ नयेत, यासाठी ही प्रस्तावना.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी 1990 मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले, तेव्हा प्रश्न खड्यांचा होता. कॅन्सरला ही वाट चालेल का, याची धास्ती वेगळीच होती. 1994 मध्ये नेदरलँड्समधून आलेल्या एका छोट्या पत्राने तर अनेकांचे हात आखडले : 14 पैकी 3 रुग्णांच्या पोटाच्या भिंतीत कॅन्सरच्या गाठी उगवल्या होत्या. हे भय अमेरिकेतील ‘कॉस्ट’ चाचणीने 2004 मध्ये दूर केले. मोठ्या आतड्याचा कॅन्सर असलेल्या 872 रुग्णांत तीन वर्षांनी आजार उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात 16 टक्के, पोट उघडलेल्यांत 18 टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. जखमेत गाठ येण्याचे दोन्हीकडे एका टक्क्याहून कमी.

आणि फायदा? इस्पितळातला मुक्काम सहाऐवजी पाच दिवस. वेदनाशामकेही एखादा दिवस कमी. जाहिरातींवर पोसलेल्या वाचकाचा इथे हिरमोड होईल. होऊ द्यावा. त्याच चाचणीत दुर्बिणीच्या गटातल्या दर पाचांतल्या एका रुग्णाचे पोट शेवटी उघडावेच लागले होते, हेही लक्षात ठेवावे.

गुदाशयापाशी मामला अवघड होतो. ओटीपोटाची जागा अरुंद, शेजारी लघवीच्या आणि लैंगिक क्रियेच्या नसा. गाठीभोवतीचे मेदाचे वेष्टन अखंड काढावे, हे बिल हील्ड यांनी 1982 मध्ये दाखवून दिले; ते दुर्बिणीतून तितकेच नेटके निघते का, यावर वाद आहे. युरोपच्या ‘कलर-2’ चाचणीत तीन वर्षांनी त्याच जागी आजार परतण्याचे प्रमाण दोन्ही गटांत 5 टक्के निघाले. मात्र 2015 मध्ये अमेरिका व ऑस्ट्रेलियातील दोन चाचण्यांत काढलेला भाग पॅथॉलॉजिस्टने तपासला, तेव्हा दुर्बीण कमी पडत नाही हे सिद्ध करता आले नाही. रोबोटनेही 2017 च्या ‘रोलार’ चाचणीत पोट उघडण्याची वेळ लक्षणीयरीत्या कमी केली नाही. माझे मत विचाराल तर यंत्रापेक्षा ते चालवणाऱ्या हाताकडे आधी पाहावे.

या चाचण्यांचे आकडे जसेच्या तसे इथे आणता येत नाहीत. ‘कॉस्ट’मधला रुग्ण सत्तरीच्या घरातला. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 2017 मध्ये 800 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात सरासरी वय 47 च्या आसपास होते आणि सुमारे 42 टक्के गाठी गुदाशयातल्या होत्या. सत्तेचाळिशीतल्या माणसाला अजून शेत कसायचे असते, एसटीने तालुक्याला जायचे असते. ऑपरेशननंतर वायू आवरतो का, पातळ शौच सुटते का, दिवसाला किती वेळा जावे लागते, तासाभरात पुन्हा जावे लागते का, घाई होते का, हे पाच प्रश्न 2012 पासून एका प्रमाणित गुणपत्रिकेत बसवलेले आहेत. ते विचारायला पाच मिनिटेही लागत नाहीत. छेद किती सेंटिमीटरचा, यापेक्षा त्या रुग्णाला ही उत्तरे मोलाची.

नागपुरात लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी 1980 पासून आहे. तिच्यातून रोग किती जणांना झाला ते कळते. रुग्ण पुढे कसा जगला, हे ज्याने ऑपरेशन केले त्यालाच लिहून ठेवावे लागते. गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेला माणूस टाके सुकले की गावी जातो. गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी त्याला तपासणीला परत येऊ देत नाही, आणि नेमकी दुसऱ्या उत्तराची जागा कोरी राहते. म्हणून या शाखेत येणाऱ्या तरुण सर्जनांना, परिचारिकांना विनंती : डिस्चार्ज कार्डावर रुग्णाचा आणि घरातल्या आणखी एकाचा असे दोन फोन नंबर लिहून घ्या, आणि वर्ष भरले की स्वतः फोन लावा.

धरमपेठ, नागपूर