शनिवारवाड्यात मेलेले बाकीचे लोक

मागच्या अमावास्येला ऑफिसमधल्या दोन मित्रांना घेऊन रात्री साडेअकराला शनिवारवाड्यासमोर उभा होतो. दोघंही बाहेरगावचे. 'काका, मला वाचवा' अशी हाक आतून येते, हे त्यांनी रीलमध्ये बघितलेलं. दिल्ली दरवाजा अर्थातच बंद. ऐकू आले ते फक्त रिक्षांचे हॉर्न.

मी पुण्याचा, त्यामुळे गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे. ती संपल्यावर एकानं विचारलं, "म्हणजे तो एकटाच मेला?" मला उत्तर आलं नाही. इतकी वर्षं ही गोष्ट सांगतोय, आणि हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

घरी येऊन वाचायला बसलो. पहिली गोष्ट म्हणजे हा खून रात्री झालाच नाही. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, भर दुपार. नारायणराव अठरा वर्षांचा, पेशवा होऊन वर्षही झालेलं नव्हतं. काका रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत. सुमेरसिंग गारद्याची माणसं थकलेला पगार मागायचं निमित्त करून आत घुसली. (पगार थकल्यावर आम्ही फार तर एचआरला मेल करतो.) नारायणराव पळत काकाकडे गेला, त्याला मिठी मारली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

सहसा सांगितलं जात नाही ते असं, की चापाजी टिळेकर नावाच्या सेवकानं धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं. गारद्यांनी दोघांनाही कापलं. इच्छारामपंत ढेरेही त्याच दुपारी मारले गेले. वाड्यातली आणखी माणसं मेली, त्यांत नोकरचाकर होते. एक गायही मारली गेली. यांच्यातल्या कुणाची हाक अमावास्येला ऐकू येते, असं अजून तरी कुणी म्हटलेलं नाही. भूत व्हायलाही बहुतेक पेशवाच असावं लागतं.

आनंदीबाईनं 'ध'चा 'मा' केला, हेही आपण शपथेवर सांगतो. ते कधीच सिद्ध झालेलं नाही. त्यामानानं रामशास्त्री प्रभुण्यांनी जे केलं ते मला जास्त अंगावर येतं. ते न्यायाधीश होते आणि आरोपी आता स्वतः पेशवा झालेला. चौकशी करून त्यांनी रघुनाथरावाला दोषी ठरवलं, याला देहान्त हेच प्रायश्चित्त असं तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडलं. पुढे कारभाऱ्यांनी रघुनाथरावाला बाजूला सारलं. तो इंग्रजांकडे गेला, १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. एका घरातल्या खुनानं कंपनीला पुण्याच्या राजकारणात शिरायला वाट करून दिली.

पुढच्या रविवारी त्याच मित्रांसोबत दिवसा, तिकीट काढून आत गेलो. १८२८ च्या आगीत आतले लाकडी मजले जळाले. उरली ती तटबंदी, दरवाजे आणि दगडी जोती. नारायणराव ज्या दालनांतून पळाला, तिथे आज हिरवळ आहे. एक जोडपं तिथे डबा खात बसलं होतं. प्रश्न विचारणारा मित्र जोत्यावर उभा राहून म्हणाला, "त्या सेवकाचं नाव परत सांग."

चापाजी टिळेकर. त्यानं ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं.