लाटेला वाट देणारा तट

उज्जयिनीच्या माधवनगरात राहणाऱ्या माणसाने समुद्रातील बांधकामाविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु इ. स. १७९९ मध्ये अलिबागचा कुलाबा किल्ला ज्या बाबूराव आंग्र्यांनी घेतला, ते दौलतराव शिंद्यांचे आप्त होते; आणि शिंद्यांची राजधानी त्या काळी आपली उज्जयिनीच होती. तेव्हा हा किल्ला आपल्याला अगदीच परका नव्हे. आजचा विषय मात्र आंग्र्यांची भाऊबंदकी नसून त्या किल्ल्याचा तट हा आहे.

अलिबागच्या किनाऱ्यासमोर एका खडकावर हा किल्ला उभा आहे. ओहोटीला तेथे पायी जाता येते. भरतीला चहूंकडे पाणी. शिवछत्रपतींनी इ. स. १६८० मध्ये त्याचे काम सुरू करविले. त्याच वर्षी महाराज निवर्तले, आणि संभाजीराजांच्या कारकीर्दीत ते पुरे झाले. इ. स. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज दोघे मिळून या किल्ल्यावर चालून आले व हात हलवीत परत गेले. ही कथा आपण शाळेत वाचलेली असते. पण त्या शत्रूंपेक्षा चिवट असा एक शत्रू दिवसातून दोनदा या तटावर चालून येतो, त्याची दखल इतिहासकार सहसा घेत नाहीत.

त्या शत्रूसाठी बांधणाऱ्यांनी केलेली योजना पाहण्यासारखी आहे. मोठमोठे चिरे एकावर एक नुसते रचले आहेत. सांध्यांत चुना नाही. प्रथमदर्शनी हा निष्काळजीपणा वाटतो. परंतु लाट आदळली की पाणी फटींत शिरते, त्याचा जोर आतल्या आत विभागला जातो, आणि लाट सरताच ते पाणी आल्या वाटेने निघून जाते. सांधे बंद असते, तर सारा आघात दर्शनी भागालाच सोसावा लागला असता. शिवाय आत झिरपलेले पाणी कोंडून भिंतीला पाठीमागून बाहेर लोटू लागले असते. भिंत तोलून धरायला चिऱ्यांचे वजन पुरेसे आहे.

इ. स. १८१२ मध्ये इंग्लंडात प्लिमथ बंदरापुढे लाटा अडविणारा बांध घालावयास घेतला, तेव्हा तेथेही सुटे धोंडे समुद्रात टाकून बांधाचा गाभा रचला गेला. उलट, मद्रास बंदराचे काँक्रीटच्या ठोकळ्यांचे बांध १८८१ च्या वादळाने काम संपत आले असतानाच फोडले. तेथील समुद्र निराळा, खोली निराळी. ही तुलना मी ताणणार नाही. कुलाब्याच्या गवंड्यांनी हे गणित मांडून ठरविले, असेही मी म्हणत नाही. समुद्राशेजारी जन्म काढलेल्या माणसांचे ते शहाणपण होते.

आज हा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. अशा तटाची डागडुजी हे नाजूक काम. फट दिसली की सिमेंट भरावे, असा मोह कोणालाही होईल; काम नीटनेटके दिसेल, छायाचित्र चांगले येईल, आणि पाण्याची परतीची वाट बुजेल. निखळलेला चिरा पहारीने उचलून त्याच्या जागी पुन्हा बसविणे, मागे लहान दगडांची चिप घालणे, एवढेच येथे करावयाचे असते. त्याला हात मात्र जाणता हवा. कोकणात परसाभोवती चुन्यामातीवाचून दगडांचे गडगे घालतात. ते घालणाऱ्यांना हे काम समजावून सांगावे लागणार नाही.