शाईपासून पट्टीपर्यंत : एच.आय.व्ही.बाधितांतील बुरशीजन्य रोगाच्या शीघ्र निदानाचा इतिहास

नाशिकच्या द्वारका या चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता एकत्र येतात. द्राक्षे, कांदा आणि कारखान्यांचा माल वाहणाऱ्या मालमोटारी येथून रात्रंदिवस जात असतात. एच.आय.व्ही.च्या प्रसाराची चर्चा सुरू झाली तेव्हा अशा चौकांकडे आणि मालमोटारींच्या चालकांकडे संशयाने पाहिले गेले. वस्तुतः रोग रस्त्यामुळे होत नाही. परंतु महिनोन्‌महिने घराबाहेर राहणाऱ्या माणसाला दवाखाना उशिरा दिसतो, हे मात्र खरे. या उशिराला एच.आय.व्ही.बाधिताच्या आयुष्यात काय किंमत पडते, आणि ती कमी करण्यासाठी निदानशास्त्राने कोणती वाट चोखाळली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या रोगाच्या इतिहासाचा आरंभच एका बुरशीने झाला, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक वृत्तपत्रात लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांच्या विलक्षण आजाराची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांना न्यूमोसिस्टिस या जंतूमुळे फुप्फुसदाह झाला होता. शिवाय पाचही जणांच्या श्लेष्मल त्वचेवर कँडिडा या बुरशीचा प्रादुर्भाव होता. न्यूमोसिस्टिसची गणना त्या काळी आदिजीवांत होत असे. तो बुरशीच्या कुळातील आहे, हे १९८८ मध्ये त्याच्या रिबोसोमी आर.एन.ए.च्या अभ्यासावरून सिद्ध झाले. तात्पर्य, ज्या आजाराने एड्सची पहिली वर्दी दिली तो बुरशीजन्य होता. मात्र तसे म्हणण्यास सात वर्षे जावी लागली.

भारतात १९८६ मध्ये चेन्नई (तत्कालीन मद्रास) येथे डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी या विषाणूची बाधा प्रथम दाखवून दिली. डॉ. सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला, आणि १९९३ मध्ये त्यांनी स्थापिलेल्या संशोधन केंद्राला वाय. आर. गायतोंडे हे नाव आहे. १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. १ एप्रिल २००४ पासून शासनाने विषाणुरोधक औषधे विनामूल्य देण्यास आरंभ केला. पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. २०२१ च्या अंदाजानुसार देशात एच.आय.व्ही.सह जगणारी माणसे सुमारे २४ लाख होती, आणि त्यांपैकी सर्वांत अधिक, म्हणजे चार लाखांच्या जवळपास, महाराष्ट्रात होती.

औषधे मिळू लागली तरी जे उशिरा येतात त्यांचा प्रश्न उरतोच. रक्तातील सी.डी.४ पेशींची संख्या घनमिलिमीटरला शंभराच्या खाली उतरली, म्हणजे क्रिप्टोकॉकस नावाचा किण्वसदृश जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचण्याचा धोका वाढतो. ‘गुप्त दाणा’ असा या ग्रीक नावाचा अर्थ आहे, आणि तो सार्थही आहे. पक्ष्यांच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून तो श्वासाबरोबर शरीरात जातो आणि प्रतिकारशक्ती शाबूत असेपर्यंत बहुधा निमूट पडून राहतो. पुढे डोके दुखू लागते. रुग्ण ती अर्धशिशी समजतो, उन्हाचा त्रास समजतो, जागरणाचा परिणाम समजतो. दोन-तीन आठवडे असे जातात; मग उलट्या, अंधूक दिसणे, भ्रम, आणि अखेर बेशुद्धी.

मनुष्याच्या शरीरात हा जंतू प्रथम १८९४ मध्ये जर्मनीत ओटो बुसे यांनी पाहिला. त्याच वर्षी इटलीत सान्फेलिचे यांना तो पीच फळाच्या रसात आढळला. त्याला ओळखण्याची जी पद्धत पुढे रूढ झाली ती साधी आणि सुंदर होती. पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवाच्या थेंबात काजळीची शाई मिसळावयाची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे. जंतूभोवतीच्या जाड बहुशर्करी कवचात शाईचे कण शिरू शकत नाहीत. त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक जंतूभोवती तेजोवलय उमटते. ही शाई मूळची चीनमधील. फ्रेंच तिला चीनची शाई म्हणतात, इंग्रजांनी तिला हिंदुस्थानचे नाव दिले, आणि त्या नावानेच ती आपल्या प्रयोगशाळांत परत आली. पद्धत स्वस्त होती, पण तिच्या उणिवा दोन होत्या. जंतू थोडे असले तर ते नजरेतून निसटत. आणि परीक्षेसाठी पाठीतून पाणी काढणे अपरिहार्य होते. त्या सुईने कंबर कायमची अधू होते, हा समज आपल्याकडे अद्याप पुष्कळांच्या मनात आहे. त्यामुळे नकार येतो, आणि नकारात दिवस जातात.

पुढचे पाऊल १९६३ मध्ये पडले. ब्लूमफील्ड, गॉर्डन आणि एल्मेंडॉर्फ यांनी प्रतिपिंडांचा लेप दिलेले लेटेक्सचे सूक्ष्म कण वापरून जंतूऐवजी त्याच्या कवचातील प्रतिजन शोधण्याची रीत सांगितली. चोर सापडला नाही तरी त्याचे वस्त्र ओळखावे, असा हा विचार होता. परंतु या रीतीला शीतपेटी, उपकरणे आणि तरबेज हात लागत. ही अडचण २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या कागदी पट्टीने दूर केली. पट्टीवर सुवर्णकणांशी जोडलेली प्रतिपिंडे असतात. रक्तरसाचा किंवा कण्यातील द्रवाचा नमुना तिच्यातून वर चढतो. प्रतिजन असल्यास ठरलेल्या जागी रेघ उमटते आणि दुसरी रेघ परीक्षा नीट झाल्याची ग्वाही देते. यास दहा मिनिटे पुरतात आणि पट्टी सामान्य तापमानात टिकते.

या पट्टीचे ऐतिहासिक महत्त्व केवळ वेगात नाही. युगांडातील एका अभ्यासात (२००२) असे दिसून आले होते की, रोगाची लक्षणे प्रकट होण्यापूर्वी साधारणपणे २२ दिवस प्रतिजन रक्तात सापडतो. म्हणजे डोके दुखण्याआधीच रोग ओळखता येतो आणि फ्लुकोनॅझोलच्या गोळ्यांनी थोपविता येतो. टांझानिया आणि झांबियात अशी पूर्वतपासणी करून रुग्णांना घरी जाऊन आधार दिला असता मृत्यूंचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या आपल्या पहिल्या अत्यावश्यक निदानसूचीत या परीक्षेचा समावेश केला. पुढील वर्षी हिस्टोप्लाझ्मा या दुसऱ्या बुरशीच्या प्रतिजनाची परीक्षाही त्या सूचीत आली. २०२२ च्या बुरशीजंतूंच्या प्राधान्यसूचीत क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्सला सर्वोच्च गटात स्थान मिळाले.

निदानामागोमाग उपचार नसेल तर निदान व्यर्थ होय. या बाबतीत महाराष्ट्राचा वाटा उपेक्षणीय नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये मा. ज. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधून काढले. ज्या जीवाणूपासून ते मिळाले त्याच्या शास्त्रीय नावात ‘पिंप्रिना’ या रूपाने पिंपरी गाव कायमचे कोरले गेले आहे. अँफोटेरिसिन हे प्रभावी परंतु मूत्रपिंडांना अपायकारक औषध मेदकणांत गुंडाळून सौम्य करण्याच्या देशी प्रयत्नांत मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचा मोठा वाटा होता. अशा मेदवेष्टित अँफोटेरिसिनची एकच मोठी मात्रा, सोबत तोंडाने घेण्याची दोन औषधे दिली असता, जुन्या उपचाराइतकीच गुणकारी ठरते, हे आफ्रिकेतील पाच देशांत केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने सिद्ध केले. तरीही त्या प्रयोगात नव्या उपचाराच्या गटातील जवळजवळ चतुर्थांश रुग्ण दहा आठवड्यांत दगावले. आवरणदाह एकदा जडल्यावर उत्तम उपचारही अपुरा पडतो. पूर्वतपासणीचा आग्रह का, याचे उत्तर या आकड्यात आहे.

आता भाषेचा प्रश्न. बुरशी म्हटली की मराठी माणसाला भाकरीवरची, लोणच्यावरची किंवा भिंतीवरची बुरशी आठवते. फार तर नायटा किंवा पावसाळ्यातील चिखल्या. ‘बुरसटलेला’ हे विशेषण आपण विचारांना लावतो, मेंदूला नव्हे. ग्रंथकारांनी ‘कवक’ हा शब्द योजिला. तो शुद्ध असला तरी रुग्णाच्या कानाला परका आहे. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची साथ आली आणि ‘काळी बुरशी’ हा शब्दप्रयोग महिन्याभरात घरोघर गेला. बुरशी जीव घेऊ शकते, हे मराठी समाजाला तेव्हा एका साध्या शब्दाने कळले.

याहून नाजूक गोष्ट ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाची. इंग्रजीत तो अनुकूलतेचाही वाचक आहे. मराठी रुग्णालयांत तो एच.आय.व्ही.मुळे भयाचा आणि कलंकाचा वाचक झाला. ज्याने तो शब्द एकदा ऐकून आयुष्य सावरले, त्याला पट्टीवरील रेघ पाहून पुन्हा ‘पॉझिटिव्ह’ एवढेच सांगितले, तर तो दुसरी शिक्षा ऐकतो. खरे तर ही रेघ वेळेवर मिळालेली सूचना असते. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एच.आय.व्ही. व एड्सविषयक कायद्याने रुग्णाची माहितीपूर्वक संमती आणि गोपनीयता यांना संरक्षण दिले आहे. परंतु ज्या भाषेत माहिती कळतच नाही त्या भाषेत दिलेली संमती माहितीपूर्वक कशी म्हणावी? ‘तुमच्या रक्तात बुरशीची खूण सापडली आहे, ती मेंदूपर्यंत गेली आहे का हे पाहण्यासाठी पाठीतले थोडे पाणी काढावे लागेल, गेली नसेल तर गोळ्यांनी रोग थोपवता येईल,’ ही तीन वाक्ये पट्टीइतकीच आवश्यक आहेत.

शंभराहून अधिक वर्षांच्या या प्रवासात निदानाची साधने शाईच्या थेंबापासून कागदाच्या पट्टीपर्यंत आली, आणि आठवड्यांचा काळ दहा मिनिटांवर आला. उरलेले अंतर प्रयोगशाळेतील नाही. द्वारकेच्या चौकातून डोके घट्ट बांधून पुढच्या मुक्कामाकडे निघालेल्या चालकाला, दुखणे वाढण्यापूर्वी थांबावेसे वाटेल असा दवाखाना आणि त्याला समजेल असा शब्द, या दोहोंवर ते अवलंबून आहे. ‘द्वारका’ या शब्दाच्या मुळाशी ‘द्वार’ आहे. ते वेळेवर उघडले तरच पट्टीवरील त्या बारीक रेघेला अर्थ येईल.