बहुगर्भधारणा आणि वंध्यत्वोपचारांतील नीती

एकाच गरोदरपणात दोन किंवा अधिक गर्भ वाढणे म्हणजे बहुगर्भधारणा. निसर्गतः साधारण 80 ते 90 बाळंतपणांमागे एक जुळे जन्मते. वंध्यत्वोपचारांत हे प्रमाण बरेच वाढते. बीजकोशाला चालना देणाऱ्या गोळ्या-इंजेक्शनांनी एका पाळीत अनेक स्त्रीबीजे पक्व होतात, तेव्हा किती गर्भ राहतील हे डॉक्टरच्या पूर्ण हाती नसते. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात मात्र गर्भाशयात किती भ्रूण सोडायचे हे माणूसच ठरवतो. नैतिक जबाबदारीही म्हणूनच तिथे सर्वांत मोठी.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. आज हीच सोय छत्रपती संभाजीनगरच्या खासगी केंद्रांत मिळते आणि जालना, बीड, परभणीकडची दांपत्येही तिथे येतात. बहुतेकांचा खर्च स्वतःच्या खिशातून, अनेकदा कर्ज काढून होतो. त्यात सासर-माहेरच्या प्रश्नांचा जाच बाईलाच सोसावा लागतो. ‘एवढा खर्च झालाच आहे, तर दोन्ही मुले एकदमच होऊ द्या’ हा हट्ट त्यातून येतो. त्याला हाव म्हणणे अन्यायाचे आहे.

पण किंमत आई आणि बाळे मोजतात. निम्म्याहून अधिक जुळी 37 आठवड्यांच्या आत जन्मतात, तिळी तर जवळजवळ सगळीच. आईला उच्च रक्तदाब व रक्तस्रावाचा, बाळांना कमी वजनाचा आणि सेरेब्रल पाल्सीचा धोका वाढतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचेच्या पेटीत आठवडेच्या आठवडे ठेवावे लागते. खासगी बिल पेलेनासे झाले की गरीब घराला संभाजीनगरच्या घाटीसारख्या सरकारी रुग्णालयाचाच आधार उरतो. तिळे किंवा चौळे राहिल्यास गर्भसंख्या कमी करण्याचा पर्याय असतो, पण त्यात उरलेले गर्भही गमावण्याची भीती असते. ज्या बाईने बाळासाठी इतके सोसले, तिलाच एक गर्भ थांबवायला सांगणे फार क्रूर आहे. अशा वेळी मुलगा राखण्याचा दबाव येऊ शकतो. म्हणून 1994 च्या लिंगनिदानबंदी कायद्याची सक्त अंमलबजावणी इथेही हवी.

स्कँडिनेव्हियातील 2004 च्या एका अभ्यासात दोन भ्रूण एकदम सोडलेल्या स्त्रियांपैकी 42.9 टक्के जणींना जिवंत मूल झाले. आधी एक आणि गरज पडल्यास गोठवलेला दुसरा सोडला, तेव्हा 38.8 टक्के जणींना झाले. बहुजन्म मात्र 33.1 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले. बेल्जियमने 2003 मध्ये उपचारांचा प्रयोगशाळेतील खर्च उचलला आणि बदल्यात भ्रूणसंख्येवर मर्यादा घातली.

भारतात 2021 च्या वंध्यत्वोपचारविषयक कायद्याने केंद्रांची नोंदणी व वयोमर्यादा (स्त्री 21 ते 50, पुरुष 21 ते 55) आणली. बीज शरीराबाहेर हाताळले जाते तेवढ्याच उपचारांना तो लागू आहे. नुसत्या गोळ्या-इंजेक्शनांचा उपचार त्याच्या कक्षेबाहेर राहतो. वरचा अभ्यास पाहता, एका वेळी एकच भ्रूण, हा वैद्यकीयदृष्ट्या योग्य नियम आहे. तो मराठवाड्यातल्या दांपत्यांनी पाळावा असे वाटत असेल, तर दुसऱ्या फेरीचा खर्च सरकारने उचलला पाहिजे.