जोडफाइल उघडणे (डेस्कटॉप डेटाबेस)

डेटाबेसमधील नोंदीला जोडलेली फाइल (स्कॅन केलेला दस्त, छायाचित्र, नकाशा इ.) फॉर्मवरील बटण दाबताच तिच्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये उघडण्याची कोडद्वारे केलेली सोय. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये हा कोड व्हीबीए भाषेत लिहितात.

साठवण : पूर्वी फाइली ‘ओएलई ऑब्जेक्ट’ फील्डमध्ये ठेवीत, छोट्या चित्रानेही डेटाबेस फुगे. ॲक्सेस 2007 मध्ये ‘अटॅचमेंट’ फील्ड आले व एका नोंदीला अनेक फाइली जोडता येऊ लागल्या. दुसरी पद्धत म्हणजे फाइल फोल्डरमध्ये ठेवून टेबलात तिचा फक्त पाथ नोंदवणे.

कार्यपद्धती : पाथ असल्यास ‘फॉलोहायपरलिंक’ ही एकच आज्ञा पुरते. अटॅचमेंट मात्र टेबलातून थेट उघडत नाही. कोड त्या फील्डचा उपरेकॉर्डसेट घेतो, त्यातील ‘फाइलडेटा’ला ‘सेव्हटूफाइल’ लावून प्रत तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवतो आणि मग ती विंडोजच्या हवाली करतो.

उदाहरण : भोंगवली (ता. भोर, जि. पुणे) येथील मिळकतींची ग्रामपंचायतीच्या नमुना 8 (आकारणी नोंदवही) प्रमाणे यादी ॲक्सेसमध्ये केली व प्रत्येक मिळकतीला ‘खरेदीखत’ नावाची पीडीएफ जोडली, असे धरू. पहिला दस्त पाहून दुसरा उघडताना त्याच नावाची प्रत फोल्डरमध्ये आधीच असते. ‘सेव्हटूफाइल’ तिच्यावर लिहीत नाही, त्रुटी देते. म्हणून नावाआधी मिळकत क्रमांक लावावा. क्रमांक 112/1 असेल तर तिरकी रेघ फाइलच्या नावात चालत नाही. तिथे आडवी रेघ घालावी. तोच दस्त पुन्हा उघडायचा असल्यास जुनी प्रत आधी काढून टाकावी. व्हीबीएच्या ‘डिर’ (फाइल शोधणे) व ‘किल’ (फाइल पुसणे) या आज्ञांना देवनागरी नावे पेलत नाहीत, अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. ‘फाइलसिस्टिमऑब्जेक्ट’ वापरल्यास ही अडचण राहत नाही. मराठी नावे कोडमध्ये न लिहिता टेबलातून घ्यावीत. पाथमध्ये ‘#’ नसावा, कारण हायपरलिंकमध्ये त्याला वेगळा अर्थ आहे.

मर्यादा व दक्षता : उघडलेली फाइल ही प्रत असते, तिच्यातील बदल टेबलात आपोआप जात नाहीत. खरेदीखतासाठी हे हिताचेच, कारण जोडलेला दस्त अबाधित राहतो. पण नोंदीला जोडलेल्या आकारणीच्या तक्त्यात कोणी दुरुस्ती केली, तर ती ‘लोडफ्रॉमफाइल’ने परत चढवावी लागते, नाहीतर केलेले काम वाया जाते. ही सूचना फॉर्मवरच स्पष्ट लिहावी. दस्तांत लोकांची खासगी माहिती असते, त्यामुळे फॉर्म बंद करताना तात्पुरत्या प्रती पुसणे हे कोड लिहिणाऱ्याचे कर्तव्यच आहे. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी असलेली प्रत पुसली जाईलच असे नाही. फॉर्म पुढच्या वेळी उघडताना ती शोधून पुसावी.

निवड : ॲक्सेसच्या एका डेटाबेसची कमाल मर्यादा 2 जीबी आहे. गावभराचे स्कॅन ती लवकर गाठतात. तेव्हा पाथ नोंदवणेच सोयीचे. टेबलात केवळ फाइलचे नाव ठेवावे व मूळ फोल्डर एकाच ठिकाणी नोंदवावा, म्हणजे संगणक बदलला तरी एकच नोंद बदलावी लागते. बॅकअप मात्र डेटाबेस व फोल्डर या दोहोंचा एकदमच घ्यावा.