हिंगोलीच्या रंगमंचावर ‘तृतीय रत्न’

हौशी संघाने एखादे अवघड जुने नाटक हाती घ्यावे म्हटले, की बोट हमखास देवल-गडकऱ्यांकडे जाते. हिंगोलीच्या संघांनी मात्र जोतीराव फुल्यांचे ‘तृतीय रत्न’ बसवावे, असे माझे ठाम मत आहे. खाकीबाबा मठापासून सुरू झालेला हिंगोलीचा दसरा १८५५ पासूनचा सांगतात; फुल्यांनी हे नाटक लिहिले तेही १८५५ मध्येच. पण दसऱ्याच्या रामलीलेला मैदान मिळाले, या नाटकाला दक्षिणा प्राइझ कमिटीचा नकार. त्याची हकिकत फुल्यांनी ‘गुलामगिरी’त लिहून ठेवली आहे. संहिता छापून यायला १९७९ उजाडले. जे नाटक सव्वाशे वर्षे कागदावरच अडकले, त्याचे देणे रंगभूमीने प्रयोग करूनच फेडायला हवे.

नाटक संवादांनी जड आहे, पाद्र्याची भाषणे लांबतात, हा आक्षेप खरा आहे. पण नाटकाचा गाभा पाहा. जोशी कुणब्याच्या दारात येतो, गरोदर बाईला ग्रहपीडेची भीती घालतो आणि शांतीच्या नावाखाली घरातला पैका बाहेर निघतो. ती भीती बाईच्या चेहऱ्यावर चढताना प्रेक्षकाला दिसली, की निम्मे नाटक उभे राहिले. मधे मधे विदूषक येऊन हा व्यवहार उघडा करतो. शिवाय नर्सीच्या नामदेवांच्या या जिल्ह्यात दीड-दोन तासांचे निरूपण ऐकायला माणसे मांडी घालून बसतात. मुद्दा दृष्टांताने उलगडत गेला, तर लांबी त्यांना खुपत नाही. कथा जुनी असल्याने गर्दी आटते, हेही पटत नाही; रामलीलेत रावण मरणार हे कोणाला ठाऊक नसते?

कलाकार कमी पडतील ही भीती त्याहून पोकळ. गो. पु. देशपांड्यांचे फुल्यांवरचे ‘सत्यशोधक’ अतुल पेठे यांनी २०१२ मध्ये पुण्याच्या सफाई कामगारांना घेऊन उभे केले, आणि ते राज्यभर पाहिले गेले. ‘तृतीय रत्ना’ला तर नेपथ्यही फारसे लागत नाही, एक उंबरठा, एक ओटा पुरे.

राहिला वादाचा धाक. फुल्यांचा रोख ब्राह्मणांवर आहे, तो लपवू नये. जोशाला हास्यास्पद केले की धार जाते. तो गोड बोलणारा, विश्वास बसावा असा हवा, तरच कुणब्याचे फसणे खरे वाटेल. आणि शेवटी ते नवराबायको रात्रीच्या शाळेकडे निघतात, तेव्हा दिग्दर्शकाने पार्श्वसंगीत बंद ठेवावे. नुसती पावले ऐकू यावीत.