नायजरच्या बाजरीचं बियाणं कुणी बदललं?

मंडळी, 2023 साली आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरं झालं. भाषणं झाली, पाककृती स्पर्धा झाल्या, भाकरीचे फोटो फिरले. पण हे बियाणं इतकी वर्षं टिकवलं कुणी, यावर फारसं कुणी बोललं नाही. म्हणून आज जरा लांबची गोष्ट सांगतो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

गोष्ट नायजरची. नायजेरिया वेगळा, हा त्याच्या उत्तरेचा देश, सहारा वाळवंटाला लागून. बाजरी मूळची त्याच पट्ट्यातली. शेजारच्या मालीत साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या लागवडीच्या बाजरीचे पुरावे मिळालेत. तिथून ती पुढे भारतात आली. नायजरमध्ये आजही साठ लाख हेक्टरपेक्षा जास्त क्षेत्रावर बाजरीच असते. जमीन वाळूची, पाऊस तीन-चार महिन्यांचा. पेरणी टोकणीने, हाताभराच्या वर अंतर ठेवून. पाऊस दगा देतो, मग दुबार पेरणी. हे आपल्याला समजावून सांगायला नको.

हौसा भाषेत लवकर येणाऱ्या बाजरीला ‘गेरो’ म्हणतात आणि उशिरा येणाऱ्या वाणाला ‘मायवा’. पाऊस लांबला तर मायवा साधते, आखडला तर गेरो तारते. ज्याला जमेल तो दोन्ही पेरतो. हाच त्यांचा पीकविमा.

1960 साली देश स्वतंत्र झाला आणि 1968 पासून दुष्काळाने धरलं. 1973 पर्यंत गुरं मेली, माणसं गावं सोडून निघाली. मदतीच्या धान्यात गैरव्यवहार झाल्याचा राग इतका होता की एप्रिल 1974 मध्ये लष्कराने राष्ट्राध्यक्ष हमानी दिओरी यांना हटवलं. 1984 ला पुन्हा मोठा दुष्काळ.

मग सरकार आणि परदेशी मदत दोन्ही बियाण्यांकडे वळले. 1975 ला राष्ट्रीय कृषी संशोधन संस्था उभी राहिली. अमेरिकेच्या मदतीने बियाणे फार्म निघाले. आपल्या हैदराबादजवळच्या इक्रिसॅटनेही 1980 च्या दशकात राजधानी नियामेजवळ सादोरे इथे केंद्र काढलं. लवकर येणारे सुधारित वाण तयार झाले. त्यातला गाजलेला ‘एचकेपी’ हा तिथल्याच शेतकऱ्यांच्या ‘हैनी किरे’ या वाणातून निवडलेला. म्हणजे मूळ माल शेतकऱ्याचाच!

आता खरी गोष्ट. 1976 मध्ये फ्रेंच संशोधकांनी नायजरच्या गावागावांतून बाजरीचं बियाणं गोळा करून जपून ठेवलं होतं. 2003 मध्ये संशोधक पुन्हा त्याच 79 गावांत गेले आणि नव्याने नमुने घेतले. मधली 27 वर्षं दुष्काळाची, वाढत्या लोकसंख्येची, सरकारी वाणांच्या प्रचाराची. जुनी वाणं संपली असतील असंच कुणालाही वाटेल.

तसं झालं नव्हतं. वाणांची विविधता बऱ्यापैकी शाबूत होती.

मग दोन्ही वर्षांचं बियाणं शेजारी शेजारी पेरून पाहिलं. 2003 ची बाजरी लवकर तयार होत होती. ताटं बुटकी, कणसं लहान. लवकर फुलोरा आणणाऱ्या एका जनुकाचं प्रमाणही वाढलेलं. 2011 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात म्हटलंय की हा बदल मुख्यतः बाहेरून आलेल्या वाणांमुळे झालेला नाही. शेतातलं बियाणंच पावसाप्रमाणे बदलत गेलं.

कसं? बाजरीचं परागीकरण वाऱ्यावर, एका ताटाचा पराग दुसऱ्यावर. त्यामुळे प्रत्येक शेतात थोडी सरमिसळ असतेच. पाऊस लवकर गेला की उशिरा येणारी ताटं भरतच नाहीत. जी भरली, त्यातली चांगली कणसं शेतकरी पुढच्या सालासाठी बाजूला काढतो. बियाणं लागतं हेक्टरी काही किलोच. घरचं संपलं तर भावाकडून, सोयऱ्याकडून, बाजारातून मिळतं. एवढी साधी व्यवस्था. ना पिशवी, ना लेबल.

पण याचं कौतुक करताना भान हवं. नायजरमध्ये बाजरीचं उत्पादन हेक्टरी पाच क्विंटलच्या आसपासच घुटमळतं. 2005 ला तिथे पुन्हा अन्नसंकट आलं. घरच्या बियाण्याने पीक हाती लागतं, पण सुपीकता गेलेली जमीन, खत, बाजारभाव हे प्रश्न बियाणं सोडवू शकत नाही. संशोधन केंद्रांची गरज आहेच.

आपण उलटा रस्ता धरला. 1965 ला एचबी-1 हा भारतातला पहिला संकरित बाजरी वाण आला. उत्पादन वाढलं, हे नाकारायचं कारण नाही. पण 1970 च्या दशकात गोसावी रोगाने हे संकरित वाण झोपवले. शेतंच्या शेतं एकाच रक्ताची होती, रोगाला वाट मोकळी मिळाली. नवा वाण, नवा रोग, पुन्हा नवा वाण असं चक्र सुरू झालं. आज आपली उत्पादकता नायजरच्या दुप्पट-अडीचपट आहे, आणि बियाण्यासाठी दर जूनला दुकानाची पायरी चढावी लागते.

अजून एक. महाराष्ट्रात 1988 ला प्रसारित झालेला ‘आयसीटीपी 8203’ पश्चिम आफ्रिकेतल्याच टोगो देशाच्या उत्तर भागातल्या शेतकऱ्यांच्या ‘इनियाडी’ या वाणातून निवडलेला. त्याचाच सुधारलेला, जास्त लोहाचा वाण म्हणजे ‘धनशक्ती’. म्हणजे आपल्या ताटातलं लोहसुद्धा तिकडच्या कुणा अनाम शेतकऱ्याने राखलेल्या कणसातून आलंय.

2001 च्या कायद्याने आपल्या शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं राखायचा, देवाणघेवाणीचा, अगदी ब्रँड न लावता विकायचाही हक्क दिलाय. पण संकरित पिकाचं बी राखून पेरलं तर पीक एकसारखं येत नाही. हक्क कागदावर आहे, राखण्याजोगं बियाणं घरात नाही. पाऊस बदलतोय हे सगळ्यांना दिसतंय. त्याच्याबरोबर बदलणारं बियाणं आपल्या तालुक्यात कुणाकडे उरलंय का? कृषी विद्यापीठं, कृषी विभाग आणि पंचायत समित्यांनी आधी एवढी यादी तरी करावी. जातीवंत जुनं बियाणं तुमच्या घरी, मामाच्या गावी असेल तर जरूर कळवा. मी यादी सुरू करतोय.